नात्यात एक्केचाळीस

'कुटुंब, विवाह आणि नातेसंबंध' या विषयात मला शंभरपैकी एक्केचाळीस मार्क पडले. पास व्हायला चाळीस लागतात. गुणपत्रिका एकदा चष्मा लावून आणि एकदा चष्मा काढून पाहिल्यावर आमचे 'हे' म्हणाले, "लेखी परीक्षा होती म्हणून निभावलं. प्रात्यक्षिक असतं तर एवढेही पडले नसते."

वास्तविक या विषयाचं प्रात्यक्षिक मी 1986 सालापासून अखंड करते आहे. लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा प्रयोगशाळेत सासू, सासरे, दोन दीर, एक नणंद आणि माजघरात कायमच्या मुक्कामाला असलेल्या चुलत आजेसासूबाई एवढं साहित्य मांडून तयार होतं. पुढे त्यात दोन जावा, नणंदेचे यजमान, एक सून आणि एक नात अशी भर पडली. पण विद्यापीठाचं गणित निराळं असतं. तिथे अनुभवाला मार्क नसतात. व्याख्येला दोन आणि वैशिष्ट्यांना आठ.

या वयात शिकायचं खूळ डोक्यात कुठून आलं, असं मला पुष्कळांनी विचारलं. काहींनी 'खूळ' हा शब्द गाळून विचारलं, पण तो चेहऱ्यावर होताच. मी बँकेत नोकरीला होते. 2022 साली साठ पुरी झाली आणि बँकेने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन मला घरी पाठवलं. (ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही, त्याला घड्याळ देण्याची पद्धत कुणी काढली कोण जाणे!) आठ दिवसांत शेजारच्या वहिनी भजनी मंडळाचा फॉर्म घेऊन आल्या. नणंदेने योगासनांची चटई आणून दिली. सगळ्यांना माझ्या मोकळ्या वेळाची भलतीच काळजी लागली होती.

मला मात्र एम.ए. करायचं होतं, तेही समाजशास्त्रात. 1979 साली कॉलेजात जाताना हीच इच्छा बाबांना बोलून दाखवली होती. ते म्हणाले होते, "समाजाचं कसलं शास्त्र? कॉमर्सला जा. बँकेत लागलीस की समाज आपोआप कळेल." मी कॉमर्सला गेले. बँकेत लागले. अडतीस वर्षं कॅशच्या खिडकीतून समाज पाहिला. पण खिडकीतून समाजाचे नुसते हात दिसतात, आणि तेसुद्धा पैसे घेताना.

तेव्हा आता मुक्त विद्यापीठात दूरशिक्षणाने नाव घातलं. दूरशिक्षण म्हणजे शिक्षक दूर आणि घरातली माणसं जवळ. अभ्यासाची जागा म्हणजे जेवणाचं टेबल. समोरच्या खुर्चीवर तिसरीतली नात. तिच्या पुस्तकात 'माझे कुटुंब' असा धडा होता आणि माझ्या पुस्तकातही तोच होता. फरक एवढाच, की तिला चित्र काढायचं होतं आणि मला चर्चा करायची होती. तिने चार चौकोनांत आई, बाबा, स्वतः आणि खालच्या मजल्यावरचं मांजर काढलं.

"आणि आजी-आजोबा गं?"

"चारच चौकोन आहेत," ती म्हणाली. "तुम्ही मावत नाही."

मी पुस्तकात डोकं खुपसलं. तिथे इरावती कर्वे भेटल्या. 1953 साली त्यांचं 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हे पुस्तक निघालं. त्याआधी त्या देशभर हिंडून कोण कुणाला काय हाक मारतं, कुणाची मुलगी कुणाला चालते, याच्या नोंदी करत होत्या. हेच उद्योग आमच्या आजेसासूबाई लग्नसराईत बसल्या जागी करत. पण इरावतीबाईंनी त्यातून शास्त्र उभं केलं आणि आजेसासूबाईंनी भांडणं, एवढाच काय तो फरक.

एकत्र कुटुंब कशाला म्हणावं, हे इरावतीबाईंनी नेमकं सांगून ठेवलं आहे. माणसं एका छपराखाली राहणारी हवीत, एका चुलीवरचं खाणारी हवीत, मालमत्ता समाईक हवी, देवधर्म एकत्र हवा आणि आपसांत ठरावीक नातं हवं. मी पेन्सिल घेऊन आमचं घर तपासायला बसले. छप्पर एक आहे, पण ते अजून कर्ज फिटेपर्यंत बँकेचं आहे. चूलही एक आहे. पण मुलगा भात खात नाही, सून संध्याकाळी सातनंतर काहीच खात नाही, नातीला नूडल्स लागतात आणि 'ह्यां'ना भाकरी. एका चुलीवर चार स्वयंपाक ही अवस्था पुस्तकात नव्हती. समाईक मालमत्ता म्हणजे टीव्हीचा रिमोट. देवधर्म म्हणाल तर गणपतीत आरती सगळे मिळून करतो, पण प्रत्येकाची चाल वेगळी. एकंदरीत आमचं कुटुंब काठावर पास होत होतं. पुढे माझं जे झालं, त्याची ही नांदीच म्हणायची.

दुसऱ्या धड्यात मॉर्गन नावाचा अमेरिकन वकील होता. याने जगभर मिशनऱ्यांना आणि वकिलातींना लांबलचक प्रश्नावल्या पाठवल्या, की तुमच्या मुलखात बापाच्या भावाला काय म्हणतात, आईच्या बहिणीच्या मुलाला काय म्हणतात. त्यातून त्याने 1871 साली जाडजूड ग्रंथ छापला. हाक मारण्याच्या शब्दांवरून समाज ओळखता येतो, हे त्याचं म्हणणं. मला ते तेव्हाच पटलं. इंग्रजीत एका 'अंकल'मध्ये सगळे पुरुष कोंबलेले असतात. आपल्याकडे काका निराळा, मामा निराळा. बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यालासुद्धा 'साडू' असा स्वतंत्र शब्द आहे. ज्या माणसाशी आपला फक्त लग्नाच्या पंगतीत संबंध येतो, त्याच्यासाठीही आपण शब्द राखून ठेवला, याला म्हणतात संस्कृती! आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, ही म्हण आपल्याकडेच होऊ शकते. इंग्रज अशी म्हण करता तर आधी त्याला शब्द शोधावे लागले असते.

याच आत्याबाईपाशी मी आठवडाभर अडकले होते. माझी आई तिच्या सासूला 'आत्याबाई' म्हणायची आणि सासऱ्यांना 'मामंजी'. तिचं माहेर कोकणात, सासर सांगलीला. दोन्ही घरांचा लग्नाआधी काडीचा संबंध नव्हता. मग सासू तिची आत्या कुठून झाली? लहानपणी मी हे विचारलं तेव्हा "म्हणायची पद्धत आहे, जा खेळ" असं उत्तर मिळालं होतं. ते बरोबर उत्तर साठाव्या वर्षी हाती लागलं. आपल्याकडे कित्येक जातींत भावाची मुलगी बहिणीच्या घरी देत. आत्या हीच सासू. आत्याच्या नवऱ्याला पुष्कळ घरांत मामा म्हणतात, म्हणून सासरे मामंजी. पुढे लग्नं परक्या घरांत होऊ लागली, पण हाका राहिल्या. उत्तरेत कितीतरी जातींत मामाची मुलगी ही सख्ख्या बहिणीसारखी, लग्नाचं नावच काढायचं नाही. दक्षिणेत नात्यातच लग्न करायची पद्धत जुनी. आणि आपण मधले. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी मामाची मुलगी चालते, पण आत्याची चालत नाही. इरावतीबाईंनी महाराष्ट्र मध्य विभागात घातला आहे तो उगाच नाही. कुठल्याही प्रश्नावर 'तसं म्हटलं तर हो, तसं म्हटलं तर नाही' असं सांगण्याची आपली सवय फार जुनी असली पाहिजे.

इथपर्यंत माझा अभ्यास निरुपद्रवी होता. घोटाळा झाला तो रॅडक्लिफ-ब्राउनमुळे. या इंग्रज विद्वानाने 1940 साली थट्टेच्या नात्यावर एक लेख लिहिला. काही नात्यांत एकाने दुसऱ्याची थट्टा करायची आणि दुसऱ्याने रागवायचं नाही, असा समाजाचा नियमच असतो. जिथे खटके उडण्याचा संभव आहे पण तोडून तर चालणार नाही, तिथे समाज थट्टेची सोय करून ठेवतो. जिथे ती सोय नाही, तिथे माणसं एकमेकांना टाळतात. काही समाजांत तर जावई सासूच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. हे वाचलं आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आमचे धाकटे भाऊजी गेली अडतीस वर्षं माझ्या पुरणपोळीची थट्टा करत आले आहेत. "वहिनी, ही पोळी खायची की बूट दुरुस्तीला द्यायची?" हा त्यांचा होळीचा ठरलेला प्रश्न. मी दर होळीला मनातून जळत असे. आता कळलं, की ते बिचारे समाजाची घडी सांभाळत होते!

पुढच्या होळीला त्यांनी पोळी हातात घेऊन तोंड उघडलं, तोच मी म्हणाले, "भाऊजी, मनसोक्त बोला. तुम्ही हे बोलता ते तुमच्या-माझ्यातला ताण बाहेर पडावा म्हणून बोलता. शास्त्रात आहे."

भाऊजींनी मुकाट्याने पोळी खाल्ली. वर "छान झाली आहे" म्हणाले. त्यानंतर त्यांनी थट्टा केलीच नाही. सहा महिने घरात कसं सुतक असल्यासारखं वाटत होतं. चांगलं चाललेलं एक नातं शास्त्राने बंद पाडलं.

बाहेरचं जग मात्र माझ्याशी नवीन नाती जोडतच होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्याच दिवशी शेजारच्या बाकावरच्या मुलाने "काकू, जास्तीचं पेन आहे?" म्हणून विचारलं. दुसऱ्या पेपरला दोन मुली वाकून नमस्कार करून गेल्या. तिसऱ्या पेपरला त्यांची संख्या नऊ झाली, कारण नमस्कार केलेल्या दोघींना पेपर सोपा गेला होता. याला पुस्तकात मानलेलं नातं म्हणतात. इरावतीबाईंचा 'परिपूर्ती' नावाचा लेख मराठीत प्रसिद्ध आहे. सभेत त्यांची ओळख अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून अशी करून देतात आणि त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मग रस्त्यावर मुलाचा वर्गमित्र 'ही कर्व्याची आई' म्हणतो तेव्हा कुठे ओळख पुरी होते. एवढ्या मोठ्या विदुषीची ही गत, मग माझं काय? भाजीवाल्याची मी पूर्वी ताई होते, मग वहिनी झाले, मग काकू, आता मावशी. परवा रिक्षावाला आजी म्हणाला. पदवी कुठलीही मिळो, बढती ही अशी ठरलेली.

आता खऱ्या दुखण्याकडे येते. लेखी पेपराबरोबर एक प्रकल्प करायचा होता: स्वतःच्या कुटुंबाचा वंशतक्ता काढायचा. याचा मूळ पुरुष रिव्हर्स. हा खरं तर डॉक्टर. 1898 साली केंब्रिजच्या मंडळींबरोबर तो ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या बेटांवर गेला. तिथल्या लोकांची नजर तपासता तपासता त्यांची नाती तपासायला लागला. त्याची युक्ती साधी. काका, मामा, भाऊ हे शब्द विचारायचेच नाहीत, कारण प्रत्येक भाषेत त्यांचा अर्थ बदलतो. आई, बाप, मूल, नवरा, बायको एवढ्याच शब्दांवर भागवायचं. तुझा बाप कोण, तुझी आई कोण, त्यांना मुलं कोणकोणती, असं विचारत वर चढायचं आणि खाली उतरायचं.

त्याची चिन्हंही ठरलेली. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे वर्तुळ. गेलेल्या माणसावर काट. भावंडं एका आडव्या रेघेला टांगलेली, थोरलं डावीकडे. लग्नाला बरोबरचं चिन्ह. हे ऐकून 'हे' बराच वेळ हसत होते. घटस्फोट झाला, की त्या बरोबरवर एक तिरकी रेघ.

सासरची बाजू सोपी गेली, कारण ह्यांच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे. चारशे पानं, लाल पुठ्ठा. त्यात पुरुषांचं जन्मगाव, शिक्षण, नोकरी, कुणी पोहण्यात बक्षीस मिळवलं तेसुद्धा दिलं आहे. मुलींना मात्र एकेक ओळ. माजघरातल्या चुलत आजेसासूबाई मी तीनदा शोधल्या. विसाव्या वर्षी नवरा गेला, मूल नाही, त्यामुळे त्यांची फांदी छापलीच नव्हती. साठ वर्षं ज्यांच्या हातचं मेतकूट घराण्याने खाल्लं, त्या घराण्यात नव्हत्या. मी त्यांचं वर्तुळ काढलं, वर रीतसर काट मारली आणि बाजूला नाव लिहिलं. त्यासाठी 'ह्यां'ना आधी त्यांचं नाव आठवावं लागलं. दोन दिवस लागले.

माहेरची बाजू आली आणि पेन्सिल थांबली. बाबांकडची माहिती चुलतभावाने दिली. पण आईकडची सगळी बाजू एकाच माणसाला ठाऊक, आणि ते माणूस म्हणजे सांगलीची माझी ताई. ताईचं आणि माझं तेरा वर्षं बोलणं नव्हतं.

अगदीच नव्हतं असं नाही. लग्नकार्यात भेटलो, की "कशी आहेस?" "बरी आहे." एवढं होई. फॅमिली ग्रुपवर ती सकाळी गणपती पाठवी आणि मी संध्याकाळी दत्त. देवांचं आपसांत बरं चाललं होतं.

कारण म्हणाल तर एक वाक्य. आई शेवटची सहा वर्षं ताईकडे होती. मी इकडून पैसे पाठवायची आणि महिन्यातून एकदा रव्याचे लाडू घेऊन दोन दिवस जायची. 2011 च्या एप्रिलमध्ये आई गेली. तेराव्याला पाहुणे उठल्यावर मी ताईला विचारलं, "आईच्या पाटल्या कुठं आहेत गं?" सहज विचारलं होतं, असं मी तेरा वर्षं सगळ्यांना सांगत आले. ताईने माझ्याकडे पाहिलं, कपाटाची किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि आत निघून गेली. मी किल्ली तिथेच ठेवून रात्रीच्या गाडीने पुण्याला आले. दोघींचाही स्वाभिमान सांगलीकर.

बरं, प्रकल्पात नुसता तक्ता नव्हता, त्याला जोडून एक कोष्टक होतं. ते आय. पी. देसाई यांच्या विचारावर बेतलेलं. या देसायांनी गुजरातेतल्या महुवा गावातल्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि 1964 साली तो पुस्तकरूपाने आला. त्यांचं म्हणणं असं, की चुली मोजून कुटुंब कळत नाही. माणसं वेगळी राहतात, पण अडीअडचणीला कोण कुणाच्या उपयोगी पडतं ते बघा. एकत्रपणा तिथे आहे. म्हणून कोष्टकात रकाने होते: आजारपणात खर्च कोण करतं, सेवा कोण करतं, रात्री उशाशी कोण बसतं. सासरची नावं मी भराभर भरली. आईच्या ओळीपाशी आले. खर्चाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. सेवेच्या रकान्यात 'ताई' लिहिलं. रात्रीच्या रकान्यात 'ताई'. दवाखान्याच्या रकान्यात 'ताई'. लाडूंचा रकाना नव्हता.

त्या दिवशी अभ्यास पुढे झाला नाही.

ताईचा नंबर पाठ होता. तीनदा लावला आणि तीनदा पलीकडून उचलायच्या आत बंद केला. पाचव्या मिनिटाला तिचाच आला.

"तुझे तीन कॉल आहेत. कोण गेलं?"

"कुणी नाही गं. मला माहिती हवी होती. अभ्यासाला."

"कुणाच्या अभ्यासाला? नातीच्या?"

"माझ्या. एम.ए. करते आहे."

पलीकडे शांतता. मग ताई म्हणाली, "बाबा नको म्हणाले होते, त्याच विषयात?"

मला वाटत होतं, ते माझ्याशिवाय कुणाच्याच लक्षात नसेल.

मी घसा साफ करून रिव्हर्ससाहेबांच्या पद्धतीने सुरुवात केली. "आईच्या वडिलांचं नाव?"

"तुला माहीत नाही?"

"मला माहीत आहे. पण माहिती देणाऱ्याने सांगायचं असतं."

"म्हणजे मी माहिती देणारी. आणि तू कोण?"

"संशोधक."

"अजून तुझंच वरचं!" ताई म्हणाली. पण सांगायला लागली. फोन दोन तास चालला. आजीचं माहेरचं नाव तिला ठाऊक होतं. नानामामाची आपल्याला माहीत असलेली मामी ही दुसरी होती, हेही तिला ठाऊक होतं. पहिलीला काय झालं, ते तिने आवाज खाली आणून सांगितलं. वास्तविक तिच्या घरात ती एकटीच होती आणि नानामामाला जाऊन तीस वर्षं झाली होती. माझी वही त्रिकोण-वर्तुळांनी भरून गेली. शेवटी मी कोष्टक काढलं.

"आईच्या आजारपणात..." मी सुरुवात केली आणि थांबले.

"काय लिहिलं आहेस?"

"सेवेला ताई लिहिलंय. रात्री ताई. दवाखाना ताई."

"आणि खर्च?"

"माझं नाव लिहिलंय."

"निम्मं लिही," ताई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "एक पाटली मी विकली. रात्रीच्या बाईचे तीन महिन्यांचे थकले होते. तुला फोन करणार होते. पण तुझं मार्च एंडिंग चाललं होतं."

मार्च एंडिंग मी नोकरीत अडतीस केली. त्यांतल्या एकाचाही हिशेब आज मला आठवत नाही. 2011 चाही नाही. त्या वर्षी पुस्तकं जुळली होती, एवढं नक्की. न जुळता आम्हाला घरी जाऊच देत नसत.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. तेरा वर्षांत मनात पुष्कळ वाक्यं तयार केली होती, त्यांतलं एकही बसेना. मी म्हटलं, "ताई, मी तेव्हा सहज नव्हतं विचारलं."

"ठाऊक आहे," ताई म्हणाली. "मीसुद्धा किल्ली सहज ठेवली नव्हती."

दुसऱ्या पाटलीचं मी विचारलं नाही. तेवढी प्रगती समाजशास्त्राने माझ्यात नक्की केली आहे.

"मला कुठं काढलं आहेस?" फोन ठेवताना तिने विचारलं.

"डावीकडे. तू थोरली ना. तुझ्या उजवीकडे मी. वर आडवी रेघ."

"ती खोडता येते का?"

मी चिन्हांचं पान उघडलं. नवरा-बायकोच्या बरोबरवर मारायची तिरकी रेघ होती. मरणाची काट होती. बहिणी-बहिणींच्या रेघेवर मारायला चिन्हच नव्हतं.

"नाही गं," मी म्हटलं. "तशी सोय नाही."

"मग राहू दे," ताई म्हणाली.

तोंडी परीक्षेला समोर माझ्या मुलाच्या वयाचे सर बसले होते. त्यांनी विचारलं, "वंशतक्त्याच्या पद्धतीच्या मर्यादा सांगा." पुस्तकात पाच मर्यादा दिल्या होत्या आणि त्या मी पाठही केल्या होत्या. पण माझ्या तोंडून निघालं, "सर, तिच्यात अबोल्याला चिन्ह नाही." सरांनी एकदा माझ्याकडे, एकदा तक्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "असू द्या मॅडम. आमच्याही घरी आहे." त्यांनी मार्क काय दिले देव जाणे, एकूण बेरीज एक्केचाळीस आली.

निकालाची बातमी सगळीकडे गेली. धाकट्या भाऊजींचा फोन आला. "वहिनी, एक्केचाळीस म्हणजे पुरणपोळीपेक्षा बरेच बरे हो!" मला इतका आनंद झाला, की मी रागवायचं विसरून गेले.

सांगलीहून ताईचा आला.

"एक्केचाळीसच? मी सांगितलं ते सगळं लिहिलंस ना?"

"लिहिलं."

"मग ते मास्तर कमी पडले. तू आता पीएच.डी. कर. आपली चुलत बाजू अजून जशीच्या तशी पडली आहे. तिथे सहा जणांशी बोलणं नाही."

"आपल्या दोघींचं मिळून सहा?"

"छे," ताई म्हणाली. "ते माझे सहा. तुझे तू वेगळे मोज."